वाड्याला एक रात्र

महाराष्ट्र सरकारचं एक कॅरॅव्हॅन धोरण आहे. २०२१ साली आलं. चाकांवरचं घर घेऊन फिरणाऱ्या पर्यटकाला ‘आज रात्री थांबायचं कुठे’ हा प्रश्न पडू नये म्हणून ठिकठिकाणी कॅरॅव्हॅन पार्क व्हावेत, तिथे पाणी, वीज, स्वच्छतागृह असावं, पार्क उभारणाऱ्याला सवलती मिळाव्यात, असं ते धोरण म्हणतं. मला ते आवडलं. चेष्टा करत नाही. जो फिरत राहतो त्याला थांबायला हक्काची जागा लागते, ही गोष्ट मंत्रालयात कुणाला तरी सुचली आणि तिचा शासन निर्णय निघाला, हे थोडं नाही.

तक्रार एवढीच की हा विचार फक्त डिझेलवर चालणाऱ्या कॅरॅव्हॅनपुरता सुचला.

मी आंबीचा. मावळात, तळेगाव दाभाड्याच्या उत्तरेला, इंद्रायणीच्या काठावरचं गाव. तुमच्यातलं कुणीतरी इथल्या कॉलेजात शिकून गेलं असेल, कुणी एमआयडीसीतल्या कंपनीच्या बसमधून रोज आमच्या गावावरून जात असेल. आमच्याकडे दर मे महिन्यात एक कारवाँ येतो. तीन-चार घोडी, दोन-अडीचशे मेंढरं, थोड्या शेळ्या, राखणीची कुत्री. घोड्याच्या पाठीवर भांडी, पालाचं कापड, वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, त्यावर पाय बांधलेल्या कोंबड्या आणि सगळ्यांत वर एखादं दीड-दोन वर्षांचं पोर. धनगरांचा वाडा. (वाडा म्हटल्यावर शनिवारवाडा आठवत असेल तर विसरा. तीन-चार बिऱ्हाडं मिळून चालतात, त्याला वाडा म्हणतात.)

हे लोक शिरूर, पारनेर, फलटण अशा कमी पावसाच्या मुलखातले. पावसाळ्याचे चार महिने घरी. दसरा-दिवाळी झाली, रानातला चारा संपत आला की निघायचं, घाट उतरायचा आणि कोकणात शिरायचं. तिथे तेव्हा भात कापून झालेलं असतं. पेण-अलिबागच्या खारेपाटात, खाडीच्या कडेने, एका गावाच्या खाचरातून दुसऱ्या गावाच्या खाचरात, वालाची उभी शेतं टाळत सरकत राहायचं. रात्री ज्याच्या शेतात मेंढरं बसवली त्याला लेंडी आणि मूत मिळतं, म्हणजे फुकट घरपोच खत. त्याबदल्यात पूर्वी भात मिळायचं, आता बहुतेक ठिकाणी रोख पैसे मिळतात. मे उजाडला की परत घाट चढायचा आणि पावसाच्या आत घर गाठायचं. सात-आठ महिन्यांच्या या चालण्यात मावळ लागतं ते अगदी शेवटी. खोपोलीहून घाट चढला की लोणावळा, कार्ला, कामशेत, वडगाव, मग आमचं आंबी आणि पुढे चाकण. चाकणला शनिवारी जनावरांचा बाजार भरतो. तिथे चार कोकरं विकली की पावसाळ्याचा किराणा निघतो.

या प्रवासावर तुम्ही रील पाहिली असतील. सूर्यास्त, मेंढरांची धूळ, मागे बासरी, खाली ‘स्लो लाइफ’. माझा राग त्या रीलवर नाही. माझा राग रीलच्या बाहेर संध्याकाळी पाच वाजता जे घडतं त्यावर आहे.

एक गोष्ट रीलमध्ये येत नाही. मेंढरं पुरुष हाकतात. ते दिवसभर चारत, वळसे घेत येतात. घोडी आणि बिऱ्हाड बायका नेतात. त्या सरळ वाटेने पुढे जातात, मुक्कामाला आधी पोहोचतात, ओझी उतरवतात, तीन दगड मांडतात, पाणी शोधतात. त्यामुळे ‘भाऊ, एक रात ऱ्हाऊ द्या, उजाडायला हालतो’ हे वाक्य बहुतेक वेळा बाईलाच बोलावं लागतं. नकारही तीच ऐकते. आणि नकार मिळाला की नवरा-दीर अडीचशे जनावरं घेऊन पोहोचायच्या आत दुसरी जागा शोधायची जबाबदारीही तिचीच. तीही कडेवर पोर, हातात घोड्याचा दोर आणि मागे ट्रकचा हॉर्न अशा अवस्थेत.

२०२५ चा मे आठवा. महिनाभर वळवाने झोडपलं आणि २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. गेल्या पंचाहत्तर वर्षांत इतक्या लवकर तो तिथे आला नव्हता. तुमच्या-माझ्या दृष्टीने ती बातमी होती. मेट्रो स्टेशनात शिरलेल्या पाण्याचे व्हिडिओ आपण एकमेकांना पाठवले. जे वाडे तेव्हा घाटात किंवा मावळात होते, त्यांच्या हिशोबातले दहा-बारा दिवस एका फटक्यात गेले. दख्खनी मेंढी कोरड्या मुलखाची. तिला ऊन चालतं, उपास चालतो, ओल चालत नाही. चिखलात खुरं कुजतात, भिजलेल्या लोकरीने अंगात गारठा धरतो, आणि पहिला मार कोकरांना बसतो.

आमच्या शेतात त्या आठवड्यात एक बिऱ्हाड उतरलं. सत्तरीची म्हातारी, तिचा मुलगा, सून, दोन नातवंडं आणि पुतण्या. वाड्यातली बाकीची दोन बिऱ्हाडं मागे कुठेतरी पांगली होती, कारण सगळ्यांना एकत्र थांबता येईल अशी जागाच मिळाली नव्हती. म्हातारी चुलीशी बसून आईला मुक्काम मोजून दाखवत होती. घाट चढल्यावर त्यांच्या सासऱ्याच्या वेळेपासून मावळात चार मुक्काम ठरलेले. पहिल्या जागेवर आता कंपाउंड आहे आणि आत बंगल्यांचे प्लॉट पाडलेत. दुसऱ्या जागेवर रिसॉर्टच्या गाड्या लागतात. तिसऱ्या जागेचा शेतकरी ओळखीचा, दरवर्षी हाक मारून बसवायचा. त्याने जमीन विकली, नव्या मालकाच्या रखवालदाराने काठी आपटली. म्हणून दोन मुक्कामांचं अंतर एका दिवसात, पावसात, महामार्गाच्या कडेने तोडून ते चौथ्या जागी म्हणजे आमच्याकडे आले होते. रात्रीतून पाच कोकरं मेली. सुनेने ती पोत्यात भरली आणि सकाळी पोरांना दिसू नयेत म्हणून बांधापलीकडे नेली.

ही आपत्तीच. आपत्तीत मेंढी दगावली तर सरकारी मदत मिळते, ४,००० रुपये असा दर आहे. त्यासाठी पंचनामा लागतो. पंचनाम्याला तलाठी लागतो, जनावरांचा डॉक्टर लागतो, मृत जनावर जागेवर लागतं आणि माणूसही जागेवर लागतो. ज्याला सकाळी सातला ‘हाला इथून’ म्हणतात, त्याने पंचनाम्याची वाट कुठे उभं राहून पाहायची? कागद गावाकडे, कोकरं आंबीला, माणूस चाकणच्या वाटेवर. मदत मिळवायलासुद्धा आधी थांबता आलं पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, मेंढरं उभं पीक खातात, शेतकरी चिडणारच. बरोबर आहे. मी शेतकऱ्याच्याच घरातला आहे. मे महिन्यात मावळात बागायत सोडली तर शेतं रिकामी असतात, भाताच्या पेरणीला अवकाश असतो, हे मान्य केलं तरी एखाद्या रात्री वाघरीतून सुटलेली वीस मेंढरं कुणाचा भाजीचा वाफा साफ करू शकतात. पण भांडण कधी होतं ते पाहा. ठरलेल्या जागी, ओळखीच्या माणसाच्या शेतात उतरलेल्या वाड्याशी भांडण झालेलं मी पाहिलेलं नाही. भांडण होतं ते हाकललेल्या वाड्याशी, जो अंधारात अनोळखी बांधावर पोहोचतो. जागा काढून घ्यायची आणि मग ‘कुठेही घुसतात’ म्हणायचं, हा न्याय कुठला?

दुसरा आक्षेप जास्त शहाण्या आवाजात येतो. ही भटकंती हवीच कशाला? पोरांच्या शाळेचं काय? यांना एका जागी वसवा. भाऊराव कऱ्हाडे यांचा ‘ख्वाडा’ २०१५ मध्ये आला तेव्हा माझ्या ओळखीतल्या अनेकांनी चित्रपटगृहातून बाहेर पडताना हेच म्हटलं होतं. ज्या धनगर कुटुंबाला स्थिर व्हायचंय त्याला जमीन, घर, शाळा मिळालीच पाहिजे, त्यात वाद नाही. त्या म्हातारीच्या सुनेलाही पोरं शाळेत जायला हवी आहेत, तिने ते स्वतःहून सांगितलं. पण तिने पुढचं वाक्यही सांगितलं. ‘मेंढरं इकली तर मग काय, कंपनीत झाडू मारू?’ अडीचशे मेंढरांची मालकीण आहे ती. आपण तिला ‘वसवतो’ तेव्हा बहुतेक वेळा बिनभांडवली मजूर करतो आणि त्याला विकास म्हणतो. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची कल्पना आपण निदान मांडली. ती किती चालली हा वेगळा विषय. मेंढपाळाच्या मुलासाठी मात्र शाळा हवी की मेंढरं हवीत, असा एकच प्रश्न आपल्याला सुचतो.

शिवाय सरकारला ही भटकंती माहीत नाही असंही नाही. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत मेंढपाळाला पावसाळ्यातल्या जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी दरमहा ६,००० रुपये चराई अनुदान आहे. चारच महिन्यांचं का? कारण उरलेले आठ महिने हा माणूस बाहेर चारत असतो, हे ती योजना लिहिणाऱ्याला ठाऊक आहे. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या होत्या. २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत देशात पहिल्यांदाच फिरत्या पशुपालकांची वेगळी नोंद घ्यायचं ठरलं. पहिल्यांदाच! १९१९ पासून आपण जनावरं मोजतो आहोत. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमात तर फिरत्या पशुपालकांच्या चराईचा आणि हंगामी वापराचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे. कागदावर हा माणूस आहे. फक्त जमिनीवर त्याला टेकायला जागा नाही.

आणि धनगर म्हटलं की आपली सगळी चर्चा आरक्षणावर जाते. साडेतीन टक्के, एसटी की एनटी, ‘र’ की ‘ड’, उपोषणं, मोर्चे, निवडणुका. तो लढा त्याच्या जागी महत्त्वाचा असेल. पण मे महिन्यात कामशेतच्या पुढे वाडा थांबणार कुठे, हा प्रश्न एखाद्या जाहीरनाम्यात वाचला असेल तर मला दाखवा.

आमच्या घाटाचीच गोष्ट घ्या. बोरघाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. जाता-येता ड्रायव्हर तिथे नाणं टाकतात. आख्यायिका अशी की इंग्रजांना हा घाट कुठून काढावा ते सापडेना. शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपल्या गुरामेंढरांची वाट दाखवली आणि काम झाल्यावर इंग्रजांनी त्याला गोळी घातली. कुणी ही गोष्ट १८३० च्या गाडीरस्त्याची म्हणून सांगतं, कुणी १८६३ च्या रेल्वेची म्हणून. खरी किती हे सोडा. मुद्दा असा की या घाटाने स्वतःच्या जन्माची कथा सांगताना धनगराचं नाव घेतलं. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग झाला, त्यावर पायी माणसाला आणि जनावराला बंदी आहे. ठीक आहे, शंभरच्या वेगात मेंढरं नकोतच. पण मग जुन्या रस्त्याच्या कडेला त्यांच्यासाठी काय केलं? गाड्यांचा अर्धा तास वाचावा म्हणून डोंगर पोखरून ‘मिसिंग लिंक’ बांधायला घेतली. मेंढरांच्या वाटेचे किती तुकडे मिसिंग आहेत, याचा साधा नकाशा कुणी काढलेला नाही. शिंग्रोबाला नाणं तेवढं मिळतं.

‘पण अशी जागा राखून ठेवायची म्हणजे फारच परदेशी कल्पना झाली’, असं एका मित्राने मला ऐकवलं. परदेशात आहेच. स्पेनमध्ये १९९५ चा कायदा मेंढरांच्या जुन्या वाटांना सार्वजनिक मालमत्ता मानतो. त्या वाटांवर बांधकाम करता येत नाही. दर ऑक्टोबरात राजधानी माद्रिदच्या मधोमध मेंढरांचा कळप नेला जातो. गंमत म्हणून नाही, हक्क शाबूत आहे हे दाखवायला. १४१८ च्या करारानुसार ठरलेली जुनी नाणी महापालिकेला मोजून दिली जातात. पण मला माद्रिदपर्यंत जायची गरजच नाही. आंबीपासून देहू जवळच आहे.

देहूहून तुकोबांची पालखी निघते आणि वाटेत तळावर थांबते. पालखीचा तळ! चालणाऱ्या माणसाला मुक्कामाची ठरलेली जागा लागते, ती वर्षभर मोकळी ठेवावी लागते, तिथे टँकर, दवाखाना, शौचालय न्यावं लागतं, हे महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. पालखी मार्गाच्या महामार्गाचं भूमिपूजन २०२१ च्या नोव्हेंबरात झालं, त्यात वारकऱ्यांना चालायला वेगळी वाट धरली आहे. छान झालं. याच पालखीला बारामतीजवळ काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण होतं. धनगर आपली मेंढरं पालखीभोवती गोल पळवतात, आपण सगळे मोबाइल वर करून शूट करतो, पेपरात पहिल्या पानावर फोटो येतो. मेंढरं पालखीभोवती पाच मिनिटं धावली तर परंपरा. तीच मेंढरं महिनाभर आधी आमच्या गावात एक रात्र बसली तर अडचण.

पवनेच्या काठावर शनिवारी जाऊन बघा. धरणाच्या कडेला तंबूच तंबू. पुण्या-मुंबईची मुलं पैसे मोजून कापडाखाली झोपतात, शेकोटी करतात, सकाळी पोहे खातात. त्यातून स्थानिक पोरांना रोजगार मिळतो, माझेही दोन मित्र त्यात आहेत. मावळाला तंबूचं वावडं नाही. चुलीच्या धुराचं नाही, उघड्यावर झोपण्याचंही नाही. आक्षेप आहे तो पैसे न देणाऱ्या तंबूला.

जागा नाही, हे मला कुणी सांगू नये. तळेगाव एमआयडीसीत जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला, २०२० च्या अखेरीस तिथलं उत्पादन थांबलं. पुढची काही वर्षं त्या जागेचं काय होणार, कोण घेणार, यावर बातम्यांवर बातम्या येत राहिल्या, शेवटी ह्युंदाईने ती घेतली. कारखाना बंद पडला तरी त्याच्या जागेला वारस मिळतो, बैठका होतात, करार होतात. गायरान गेलं की एक ओळ छापून येत नाही. आणि मी मागतोय ते एकरांत नाही, गुंठ्यांत आहे. खोपोली ते चाकण हे अंतर साधारण पासष्ट किलोमीटर. कळप दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालतो. म्हणजे या अख्ख्या पट्ट्यात सहा जागा. प्रत्येक जागा गायरानातली, पाण्याजवळची, थोडी उंचावरची, जिथे ओल साचत नाही. बांधकाम नको, कमान नको, कुणाचं नाव नको. एक नळ किंवा हातपंप, एक सौर दिवा, बायकांसाठी एक बंद शौचालय आणि पत्र्याची मोठी शेड, पावसात कोकरं आत घ्यायला. मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत आणि दिवाळीच्या आसपास महिनाभर ती जागा वाड्यांची. एरवी गावाने खळं करावं, क्रिकेट खेळावं, काही करावं.

अशी जागा झाली की बाकीच्या गोष्टींना पाय फुटतात. पीपीआर आणि आंत्रविषाराच्या लसी सरकारकडेच असतात, डॉक्टरला कळप कुठे आहे तेवढं कळत नाही. ते कळेल. पंचनामा होईल. आमच्यासारख्या शेतकऱ्याला खतासाठी मेंढरं बसवायची असतील तर कुणाशी बोलायचं ते ठरेल. रासायनिक खताच्या गोणीला किती पडतात हे वडिलांना तोंडपाठ आहे आणि मेंढरं बसलेल्या पट्टीतला इंद्रायणी भात कसा येतो हे आईला. या व्यवहारात उपकार कुणावरच नाहीत.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे चराऊ कुरणांचं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलंय. परिसंवाद होतील, घोंगडी पांघरून पाहुण्यांचे सत्कार होतील. होऊ देत. ग्रामपंचायतीला मात्र कुणाच्या वर्षाची वाट बघायची गरज नाही. कार्ला, कामशेत, वडगाव किंवा आमच्या आसपासच्या गावातलं कुणी हे वाचत असेल तर त्याला सांगतो, २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते आणि वाडे खाली उतरतात ते त्यानंतर. ठरावाला एक पान पुरतं. गावाचं नाव, गट नंबर, किती गुंठे, पाण्याची सोय, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. आंबीच्या ठरावाचा मसुदा मी लिहून ठेवलाय. त्यात गट नंबरची जागा अजून मोकळी आहे. गायरानापैकी किती आणि कुठे शिल्लक आहे, त्याचा उतारा मी तलाठ्याकडे मागितलाय.